खांबांवरचे हात

सोमवार, २ सप्टेंबर

खांब मोकळे झाले! पालिकेची शिडीगाडी सकाळपासून बाजाररस्त्यावर फिरत होती. दुपारपर्यंत एकाही दिव्याच्या खांबावर कुणाचा चेहरा उरला नाही. वाढदिवसाचे साहेब गेले, हार्दिक अभिनंदनवाले गेले, भव्य सेलही गेला. माझ्या दुकानासमोर एक गृहस्थ गेली दोन वर्षं हात जोडून लटकत होते. ते खाली उतरले तेव्हा मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मी नगरसेविका झाले ती या एका गोष्टीवर. माझं चष्म्याचं दुकान. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने एक फलक सुटला आणि माझ्या पाटीवरच्या मोठ्या चष्म्याची डावी काच घेऊन गेला. तक्रार करायला पालिकेत गेले, तिथे तीन टेबलं फिरले आणि रागाच्या भरात उमेदवारी अर्जच भरून आले. "खांब मोकळे करा" एवढंच म्हणत दारोदार हिंडले. लोकांनी निवडून दिलं. गेल्या महिन्यात ठरावही झाला: दिव्याच्या खांबावर दिव्याशिवाय काहीही नको. सगळ्यांनी हात वर केले. हेडमास्तरांनी तर जोरात टेबलही वाजवलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या सभागृहातले सगळ्यात जुने सभासद. नियम म्हटला की त्यांना भूक लागते.

घरी येऊन चपला काढता काढता आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, "आई, खांब झाले हो एकदाचे मोकळे!"

त्या म्हणाल्या, "दोन किलो पुरेत."

आता याला काय म्हणायचं? दोन किलो कौतुक पुरे, असाच अर्थ असणार. त्यांना माझं निवडून येणं पटलेलं नाही. तोंडाने बोलत नाहीत, पण हे असे टोमणे मारतात. मी सरळ आत गेले. आज माझा दिवस होता, तो मी कशाला घालवू?

गुरुवार, ५ सप्टेंबर

किल्ली विसरले. भर दुपारी दारात उभी राहून बेल वाजवतेय, वाजवतेय. आत टीव्ही जोरात सुरू. शेजारच्या तिन्ही दारांतून माणसं बाहेर आली, आमचं दार उघडलं नाही. शेवटी मागच्या बाजूने जाऊन खिडकीत हात हलवला तेव्हा आई उठल्या. "अगं, बेल वाजवायची ना!" म्हणाल्या. वर मलाच!

फोनही उचलत नाहीत हल्ली. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. "लोकांचे फोन जोडून जोडून कान झिजले माझे, आता वाजू दे," म्हणतात. आणि मी कामाचे कागद घेऊन बसले की टीव्ही आणखी मोठा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्याशी तर नीट बोलते." त्याच्याशी बोलणारच! तो लिफ्ट दुरुस्त करतो. तळाच्या खड्ड्यातून वरच्या मजल्यावरच्या माणसाला हाका मारायची सवय. घरात मीठ मागतो तेही आख्ख्या इमारतीला कळतं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दुकानात एक जोडपं आलं. मला वाटलं नंबर तपासायला. पण नवऱ्याने टेबलावर अर्ज ठेवला. हे गृहस्थ गावात कोट शिवतात. पालिकेच्या अध्यक्षांच्या अंगावर जो कोट बरा दिसतो तो त्यांनीच शिवलेला. सगळे त्यांना कोटवाले म्हणतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. बायकोची रोपवाटिका आहे. तिला ऐकू येतं आणि ती बोलते, दोघांच्या वाटचं.

घड्याळ गल्लीत कर्णबधिर मंडळ आहे, कोटवाले त्याचे चिटणीस. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत, मोठा मेळावा आहे. त्या आठवड्यापुरत्या गल्लीतल्या खांबांवर छोट्या पताका लावायच्या आहेत. निळं कापड, त्यावर पांढरा उघडा हात. नाव नाही, चेहरा नाही.

मी अर्ज वाचत म्हटलं, "ठराव आहे हो. खांबावर काहीच लावता येत नाही. ठराव मीच मांडलाय, मीच कसा मोडू?"

कोटवाल्यांनी टेबलावर टकटक केलं. मी वर बघितलं. त्यांनी हात हलवले, बायको म्हणाली, "ते म्हणतात, तुम्ही कागदाशी बोलताय. त्यांना तुमचे ओठ दिसले नाहीत."

मी वर बघून पुन्हा "नाही" म्हटलं. वर बघून म्हणणं जास्त अवघड जातं, हे आजच कळलं.

मग ते भराभर बोलू लागले. हातांनी, पण भराभर. बायको म्हणाली, "ते म्हणतात, आम्ही त्या गल्लीत पंचवीस वर्षं आहोत आणि समोरच्या औषधवाल्याला वाटतं आमचा पत्त्यांचा अड्डा आहे. का, तर आतून आवाज येत नाही. पाहुणा गावात उतरला, गल्लीत शिरला, तर त्याला दिसायला नको का की इथे आपलं कुणी आहे? हे त्यांचं झालं. आता माझं. तुमच्या खांबांवर गुटखा चालला, तेल चाललं, साहेब चालले. हाताचं काय बिघडलंय?"

"तो गुटखा मीच काढला," मी म्हटलं.

बायकोने ते हातांनी सांगितलं. कोटवाले हसले आणि त्यांनी मला नमस्कार केला. अर्ज मात्र उचलला नाही. तो इथेच पडलाय, नंबर तपासायच्या तक्त्याखाली.

मंगळवार, १० सप्टेंबर

बातमी फुटली. पालिकेत बाकीच्या मंडळांनी रांग लावली आहे. बुद्धिबळवाल्यांना घोडा लावायचाय. कबुतरं पाळणाऱ्यांना कबुतर. दोन फुटबॉल संघांना एकाच खांबावर आपापला झेंडा, आणि तोही दुसऱ्याच्या वर. केस गेलेल्या गृहस्थांचं एक स्नेहमंडळ आहे म्हणे, त्यांना फक्त एक गोल काढायचाय. अध्यक्ष तो अर्ज वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि मग त्यांनी हळूच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

हेडमास्तर मात्र हसले नाहीत. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बाई, बघितलंत? म्हणून नियम लागतो. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. हातवाले चांगले आहेत, मला मान्य. पण उद्या कुणी चांगला नसलेला येईल, त्याला काय सांगणार? तू वाईट आहेस? हे पालिकेने ठरवायचं?"

त्यांचं चुकतंय कुठे, हे मला सांगता येईना. अजूनही येत नाहीये. नाही म्हटलं तर त्या माणसाचा चेहरा आठवतो, हो म्हटलं तर माझे मोकळे खांब. मला निवडून दिलं त्या लोकांना काय सांगू? माझ्याकडे वचन एकच होतं, तेही कापडाचं निघालं?

शनिवार, १४ सप्टेंबर

आईंचं काहीतरी चाललंय. रोज दुपारी चांगली साडी नेसून बाहेर पडतात. विचारलं तर म्हणतात वाचनालयात. आणि आज घड्याळ गल्लीतला औषधवाला चष्मा न्यायला आला, तो म्हणाला, "तुमच्या सासूबाई त्या पत्त्यांच्या अड्ड्यात जाताना दिसतात हो. तीनदा तरी बघितलं. घरी सगळं ठीक ना?"

अड्डा नाही तो, कर्णबधिर मंडळ आहे, असं मी त्याला सुनावलं. पण तो गेल्यावर डोकं तापलं. म्हणजे आई माझ्या विरुद्ध पक्षात! मी इकडे ठराव सांभाळतेय आणि घरातलंच माणूस तिकडे जाऊन बसतंय. त्या पताकांचं शिवणकामही करत असतील, काय सांगावं. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "तिथे तिला कुणी मैत्रीण मिळाली असेल." ऐकू न येणाऱ्यांच्यात ही मैत्रीण कशी करणार? हिला तर बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

खरं सांगायचं तर हल्ली तितकं बोलत नाहीत. पूर्वी जेवताना एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायच्या. कुणाचं लग्न फोनवर मोडलं, कुणाचं जुळलं. आता ताटात बघून जेवतात आणि उठतात. राग म्हणतात तो हाच.

गुरुवार, १९ सप्टेंबर

समितीने जागेची पाहणी करायची ठरवली. समिती म्हणजे हेडमास्तर आणि मी. अध्यक्षांना ऐनवेळी सर्दी झाली.

दाराशी बेलचं बटण आहे. दाबलं तर आवाज नाही, आतले सगळे दिवे लुकलुकले. खोली मोठी, भरपूर उजेडाची. मधला खांब काढून टाकलाय आणि खुर्च्या गोल मांडल्यात, कुणाची पाठ कुणाकडे नको म्हणून. मी शांतता असेल असं धरून चालले होते. छे! खुर्च्या सरकतात, लोक हसतात, लक्ष वेधायला जमिनीवर पाय आपटतात. दोन बायकांचं टेबलाच्या दोन टोकांवरून भांडण चाललं होतं आणि मध्ये बसलेला माणूस मान खाली घालून वाट मोकळी करून देत होता.

कोटवाल्यांच्या बायकोने आमची ओळख करून दिली. इथे प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. अध्यक्षांचं नाव म्हणजे पँट वर ओढणे. हुबेहूब! हेडमास्तर बिचकत म्हणाले, "मला कुणी ओळखत नसेल." सगळ्या खोलीने एकदम एकच खूण केली. छातीशी एक हात घडी घालून, दुसऱ्याने टोपी काढल्यासारखी.

"हे काय?"

"तुमची शाळा शेजारी होती ना," ती म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी या दारावरून जाताना यांना टोपी काढून नमस्कार करायचात. दुसरं कुणी करत नसे. वीस वर्षांपासून तुमचं हेच नाव आहे."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नंतर रस्त्यावर मला म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक." उद्या या म्हटलं.

माझंही नाव आहे. मान खाली आणि दोन बोटं कपाळावरून खाली आणायची. म्हणजे खाली बघणारी. मला बरं वाटलं. निवडून आल्यावरही डोक्यात हवा गेली नाही, हे लोकांच्या लक्षात आलंय तर.

आणि आई! आतल्या छोट्या स्वयंपाकघरात सापडल्या. मला बघून एकदम दचकल्या. एका म्हाताऱ्या बाईंसमोर बसून हवेत बोटं नाचवत होत्या, बहुधा माशी हाकलत असाव्यात. म्हणाल्या, "मी इथे चहा करायला येते. आवडतं मला." घरी चहा मी करते. घरी आवडत नाही वाटतं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

शुक्रवारी खुली सुनावणी. ज्याला बोलायचंय त्याने यावं. मग लगेच मतदान. अध्यक्ष म्हणाले, "एकदाचा तुकडा पाडा, मला त्या गोलवाल्यांचा रोज फोन येतो."

आज घरी माझा तोल गेला. ओट्याशी उभी राहून भांडी घासत होते, नळ सोडलेला. आई मागे टेबलाशी. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माझं काम आवडत नसेल तर तोंडावर सांगा. माझ्या विरुद्ध तिकडे जाऊन बसता, मला किती लागतं ते कळतं का तुम्हाला?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, साखर बेताचीच घातलीय."

मी हातातली परात आपटली. केवढा तरी आवाज झाला. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. आई हातातला पेपर वाचत होत्या, त्यांनी मान वरही केली नाही. माणसाने दुसऱ्याला इतकं शून्य समजावं? मी रडले. मग त्या उठून जवळ आल्या, माझा चेहरा बघितला, आणि "काय झालं गं? भाजलं का?" असं इतक्या काळजीने विचारलं की मला आणखीच रडू आलं. यांचं मला काही कळत नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

काल सुनावणी झाली. घरी आल्यावर लिहायला वेळ झाला नाही, म्हणून आज दुकान उघडायच्या आधी बसून लिहितेय.

सभागृह खच्चून भरलं होतं. कबुतरवाले कबुतर घेऊन आले होते, त्याला बाहेर ठेवावं लागलं. बुद्धिबळवाले बोलले, फुटबॉलवाले भांडले. हेडमास्तर उभे राहिले आणि त्यांनी तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं, चांगलं सांगितलं. "रस्ता सगळ्यांचा आहे. म्हणून तो कुणाच्याच नावाचा नको. मला या मंडळाबद्दल आदर आहे, परवापासून तर फारच. पण आदर वेगळा, नियम वेगळा." मग कोटवाले बोलले, बायकोने आवाज दिला. त्यांच्या लोकांनी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या तशाच.

अध्यक्ष मतदान पुकारणार, तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. आई. चांगल्या साडीत. मी मनात म्हटलं, झालं! आता चारचौघांत माझी शोभा होणार.

त्यांनी माईक हातात घेतला आणि बोलायला लागल्या, नको तितक्या मोठ्याने. पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात ठेवले.

"मी एक्स्चेंजला होते," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी निम्म्यांची लग्नं मी जोडून दिलेल्या फोनवर ठरली आहेत. माझ्या कानांवर या गावाचा संसार चालला. आणि गेली दोन वर्षं मला ऐकू येत नाही."

सभागृहात चिडीचूप झालं. त्यांना ते कळलं नाही, त्या तशाच मोठ्याने बोलत राहिल्या.

"घरी सांगितलं नाही. लाज वाटली. ज्या कानांची फुशारकी मारली तेच गेले, हे कुणाला सांगणार? मुलगा ओरडून बोलतो, त्याचं कळतं. सून गुणाची आहे, पण ती बोलते तेव्हा तिचं तोंड कधी ओट्याकडे, कधी कागदाकडे. मी अंदाजाने उत्तरं देते. कधी बरोबर येतं, कधी ती रडते." कुणीतरी हसलं. मग त्याही हसल्या. "माझी सून दिवसभर लोकांना विचारते, आता दिसतंय का? आता दिसतंय का? मला वाटायचं, घरी येऊन एकदा मला विचारेल, आता ऐकू येतंय का? पण तिला तरी कसं कळावं? मी दार लावून बसलेली."

मी मान खाली घातली. मग आठवलं, आणि वर केली. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"या मंडळाबद्दल ऐकून होते. म्हणजे, ऐकू येत होतं तेव्हाचं. घड्याळ गल्लीतून कितीतरी दिवस चकरा मारल्या. दार कुठलं, आत कोण, आपल्याला घेतील का, काही कळेना. विचारायचं कुणाला? विचारलं असतं तरी उत्तर ऐकू आलं नसतं! शेवटी मुलाच्या कोटाचं बटण तुटलं म्हणून कोटवाल्यांकडे गेले. बटण मीच तोडलं होतं. हेडमास्तर म्हणतात पताका कशाला. जे आत आहेत त्यांना नकोच आहे पताका, त्यांना दार माहीत आहे. जो बाहेर चकरा मारतोय त्याला लागते. एक हात दिसला असता ना, तर मी दोन वर्षं आधी आत गेले असते. बस, एवढंच."

त्यांनी माईक ठेवला. कर्णबधिर मंडळाचे हात वर गेले. मग कबुतरवाल्यांचे. मग सगळ्यांचेच, पूर्ण सभागृह हात हलवत होतं आणि आवाज नाही. अध्यक्षांनी पँट वर ओढली आणि तेही हात हलवू लागले.

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "खांब मोकळे केले ते मी साहेबांचे चेहरे आणि मालाच्या जाहिराती काढायला. माणसं काढायला नाही. ठरावात मी 'काहीही नको' असं लिहिलं, कारण ते लिहायला सोपं होतं. मला ते बदलायचंय."

"कसं बदलणार?" हेडमास्तर म्हणाले. "मोघम नको. सगळ्यांना सारखं पाहिजे."

मग आम्ही दोघांनी तिथेच, सगळ्यांसमोर, घासाघीस करून नवा ठराव तयार केला. बहुतेक शब्द त्यांचेच. गावातलं कुठलंही मंडळ, वर्षातून एक आठवडा, आपल्या गल्लीत. चेहरा नाही, विक्री नाही, निवडणूक नाही. दोघांनी मागितलं तर चिठ्ठी. आठवडा संपला की ज्याने लावलं त्याने उतरवायचं आणि खांब पुसून द्यायचा. गोलवाल्यांनी विचारलं, आमचंही? हेडमास्तर म्हणाले, तुमचंही.

ठराव बहुमताने मंजूर झाला. हेडमास्तरांनी विरोधात मत दिलं. मी चकित होऊन बघितलं तर म्हणाले, "नियम चांगला झालाय. पण मी विरोधात बोललोय, तर मतही विरोधातच. उद्या मला कुणी विचारायला नको."

घरी आल्यावर नवऱ्याला बाहेर बसवलं. आईंच्या समोर खुर्ची घेतली, दिवा माझ्या तोंडावर येईल अशी.  विचारलं, "आई, त्या दिवशी दोन किलो काय पुरेत म्हणालात?"

"कांदे. तू म्हणालीस ना, कांदे झाले मोकळे? मला वाटलं, पोतं फुटलं."

आम्ही इतक्या हसलो की नवरा आत आला. मग हसता हसता मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. तोंड साडीत. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. "दिसलं नाही मला." पुन्हा म्हणावं लागलं, डोळ्यांत बघून. तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तर त्यांना नक्की कळलं होतं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आईंना कानाचं यंत्र बघायला नेलं. कातडीच्या रंगाचं दाखवलं, कुणाला दिसत नाही म्हणून. आईंनी लालभडक निवडलं. म्हणाल्या, लपवून झालं. आता दोन हातांच्या अंतरावरचं थोडं कळतं, पण बेल अजून नाही. नवरा बेलला दिवा जोडतोय. सकाळपासून तीनदा फ्यूज उडाला.

मी मंडळात शिकायला जाते, आठवड्यातून दोन दुपारी. बोटं माझ्या ताब्यात नाहीत. काल मी कोटवाल्यांना "तुमचा कोट छान आहे" म्हणाले, तर सगळे खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मी खरं काय म्हणाले ते कुणी सांगत नाही. आई सांगतील म्हणून विचारलं, तर त्या लाल यंत्र काढून हातात घेऊन बसल्या.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सकाळ. दुकानात बसून लिहितेय. त्याचं कारण पुढे येईल.

काल पताका लागल्या. शिडी धरायला हेडमास्तर! "मत विरोधात, पण ठराव आपला," म्हणाले. प्रत्येक पताका किती उंच हे स्वतः बघत होते. औषधवाल्यानेही दुकानातून दोरी आणून दिली आणि आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

दुपारी पाहुण्यांची बस आली. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांत आधी उतरली ती एक माझ्या वयाची बाई, एकटी, दोन्ही हातांत पिशव्या. तिने वर बघितलं. निळ्यावर पांढरा हात, पुढच्या खांबावर पुन्हा हात, त्याच्या पुढेही. तिने पिशव्या रस्त्यातच खाली ठेवल्या आणि बोलायला लागली, अजून कुणी जवळही नव्हतं तरी. गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून कोटवाल्यांनी उत्तर दिलं. एवढ्या अंतरावरून मला आजवर कुणाशी बोलता आलेलं नाही.

नंतर मी बाजारात माझ्या दुकानाच्या पायरीवर, आई रस्त्यापलीकडे बाजार बघायला निघालेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात. त्यांनी मला हात केला आणि बोटांनी काही सांगितलं. जेवण. घरी. आज. नऊ. मला घेरी आली. घरात भांडी सहाची, पोळपाट मोडलेला. मी बोटांनी सांगितलं, शक्य नाही. त्यांनी सांगितलं, शक्य आहे. मी म्हटलं, तुम्ही मला आधी विचारायचं. त्यांनी म्हटलं, आता विचारतेय ना! मध्येच एक ट्रक आला, भांडण थांबलं, ट्रक गेल्यावर तिथूनच पुन्हा सुरू झालं. पाहुणे टेनिस बघितल्यासारखे माना इकडून तिकडे फिरवत होते. दोघीतिघी तर आईंच्या बाजूने मला समजावूही लागल्या.

नवरा आला. "काय गं, काय म्हणतेय आई?" त्याच्या आवाजाने कबुतरं उडाली.

"नऊ जणांना जेवायला बोलावलंय म्हणतात."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी नाही म्हटलं. ठाम. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून हसून, पण ठाम नाही."

तेवढ्यात समोरचे सगळे नऊच्या नऊ पाहुणे हात वर करून हलवू लागले. ती पिशव्यांवाली बाई तर रस्ता ओलांडून आली आणि तिने मला मिठीच मारली. कोटवाल्यांची बायको तिच्या मागोमाग आली, हसू आवरत.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, जेवायलाच काय, झोपायलाही या."

आले सगळे. आता घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून इथे बसलेय. हे लिहिताना समोर रस्त्यापलीकडे आई उभ्या आहेत, माझ्याकडे बघून काहीतरी विचारताहेत. दूध, आणखी, आण. एवढं मला नक्की कळतंय. पण मी मान खाली घालून लिहितेय. दोन मिनिटं मलाही दिसत नाही.